दोघी विरुद्ध पाच

आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉलची सेमीफायनल. ऑक्टोबरचं ऊन, सिमेंटचं कोर्ट आणि बाकीच्यांची प्रॅक्टिकल्स असल्यामुळे माझ्याकडे सातच पोरी. तिसऱ्या क्वार्टरला एकीचा घोटा मुरगळला. पुढे पाच-पाच फाउल होऊन चौघी बाहेर बसल्या. शेवटची दोन मिनिटं उरली, कोर्टावर आमच्या दोघी. आणि आम्ही ४ गुणांनी पुढे!

समोरचे सर टेबलाशी गेले. "मॅच संपली की. दोघी काय खेळणार?"

खेळाडू म्हणून मी शिवाजी विद्यापीठाचा. आमच्या सोलापूरचं वेगळं विद्यापीठ २००४ चं. आमच्या वेळी वीस मिनिटांचे दोन हाफ होते, २००० साली चार क्वार्टर आले, बास्केटकडे बॉल टाकायला मिळणाऱ्या ३० सेकंदांचे २४ झाले. कोच झाल्यापासून नियमपुस्तक पिशवीतच असतं. सुरू करायला पाच लागतात, पण पुढे दोघी उरल्या तरी खेळ चालतो. एकटीच उरली तर मात्र मॅच जाते. त्यातही आघाडी असलेल्या संघाची तशी मॅच गेली, तर स्कोअर पुसून २-० अशी हार लिहितात. पंचांनी मान डोलावली.

दोघींपैकी एकीचे चार फाउल होते. तिला म्हटलं, "हात मागं ठेव. बास्केट गेली तर जाऊ दे, तू बाहेर जाऊ नकोस."

"चालतंय की, सर."

खरी पंचाईत थ्रो-इनची, म्हणजे रेषेबाहेरून बॉल आत टाकायची. एक रेषेबाहेर, आत एकटी, तिच्या अंगावर पाचजणी आणि हातात पाच सेकंद. दोघी सोलापूरच्या पूर्व भागातल्या, तेलुगू घरांतल्या. तेलुगूत एकमेकींना ओरडायला लागल्या. समोरच्या पोरी पंढरपूरकडच्या, त्यांना ओ की ठो कळेना. मलाही नाही. एकदा बाहेरचीनं बॉल लांब भिरकावला, आतली आधीच पळत सुटली होती, सरळ लेअप, पळत जाऊन जवळून बास्केट. बेंचवरच्या पोरी नाचायला लागल्या, मुरगळलेल्या घोट्याचीसुद्धा.

तोवर समोरच्यांच्या तीन बास्केट झाल्या होत्या, म्हणजे बरोबरी. शेवटच्या सेकंदांत आमच्या दुसऱ्या पोरीकडून फाउल झाला, त्यांचा पहिला फ्री थ्रो चुकला, दुसरा पडला. एका गुणानं हरलो.

आता सरावात दर आठवड्याला दोघी विरुद्ध पाच घेतो. सीनियर पोरी कुरकुरतात. पंढरपूरकडच्या पोरी तेवढ्या तेलुगू शिकल्या नाहीत, म्हणजे झालं.