वॅगन आरला डीआरएल: सगळी करामत ८७ए पिनची

डीआरएलचं, म्हणजे दिवसा पुढे चालू राहणाऱ्या दिव्यांचं, वायरिंग झालं. चावी फिरवली की दिवे लागतात, पार्किंगचे दिवे लावले की हे विझतात. चतुर्थीआधी सगळंच उरकायचा बेत होता, पण पाणी आत जाऊ नये म्हणून करायचं सीलिंग थोडं राहिलंय. तोवर झालेलं काम लिहून ठेवतो.

गाडी जुनी वॅगन आर. पार्किंगला साधे फिलामेंटचे बल्ब, मध्ये कुठला कॉम्प्युटर नाही. हे आधी सांगणं भाग आहे, कारण नव्या गाड्यांत पार्किंगची लाइन बॉडी कंट्रोल मॉड्यूलमधून (दिवे वगैरे सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरमधून) येते आणि काही गाड्यांत ती सलग नसते, सेकंदाला कित्येकदा चालू-बंद होत असते. माझी जोडणी रिलेवर आहे, म्हणजे कॉइलला सप्लाय मिळाला की आतला कॉन्टॅक्ट हलवणाऱ्या स्विचवर; अशा लाइनीवर त्याची कॉइल नुसती गुणगुणत बसते. तशी गाडी असेल तर ही जोडणी जशीच्या तशी उचलू नका.

दिवे सहा-सहा वॅटचे. दोन्ही मिळून १२ वॅट, म्हणजे इंजिन चालू असताना एक अँपिअरसुद्धा नाही. ‘मग रिले कशाला रे?’ असं डिचोलीच्या आमच्या गॅरेजवाल्या दादांनी विचारलं, आणि प्रश्न रास्त आहे. हॉर्नला, हेडलाइटला रिले लावतो तो स्विचवरचा भार काढायला. इथे भार नाहीच. रिलेकडे फक्त एक निर्णय सोपवायचा आहे: रात्रीचे दिवे लागले की डीआरएलने आपण होऊन बाजूला व्हायचं.

जोडणी अशी. रिलेच्या ३० नंबरच्या पिनला इग्निशनवर (चावी फिरवल्यावर) येणारा पॉझिटिव्ह, ३ अँपिअरच्या फ्यूजमधून. ८७ए वरून दोन्ही डीआरएल. ८६ ला पार्किंगचा पॉझिटिव्ह, ८५ अर्थला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला. ८७ मोकळी. कॉइलला सप्लाय नसताना ३० आणि ८७ए आतून जोडलेलेच असतात, त्यामुळे दिवसभर कॉइल निवांत, रिले गारच राहतो. पार्किंग लावलं की कॉइल ओढते, कॉन्टॅक्ट ८७ कडे जातो आणि तिथे काहीच जोडलेलं नसल्याने डीआरएल विझतात. समजा उद्या कॉइल जळाली, तर दिवे फार तर रात्रीही चालू राहतील; दिवसा विझणार नाहीत. बिघाड व्हायचाच असेल तर असा झालेला मला चालेल.

रिले घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. पाच पिनांचा म्हणून मागितलात तर मधल्या पिनवर ८७ए ऐवजी दुसरी ८७ असलेलाही हातात पडतो. बाहेरून दोन्ही सारखेच. म्हापशाला दुकानात मी मल्टिमीटर घेऊनच गेलो. सप्लाय न देता ३० आणि मधल्या पिनला टोकं लावायची. बीप वाजला तर आपला.

कॉइलला लागणारा इशारा हेडलाइटवरून न घेता पार्किंगवरून का, तर बऱ्याच जपानी घराण्याच्या गाड्यांत हेडलाइटचा स्विच निगेटिव्ह बाजू तोडतो. बल्बला पॉझिटिव्ह तसाही असतोच, मग ८६ ला चुकीचा इशारा मिळतो. पार्किंगला ही भानगड सहसा नसते. तरी मीटर लावून बघाच.

याची एक किंमत आहे. स्विचच्या पहिल्या टप्प्यावरच डीआरएल जातात आणि समोर उरतात पाच-पाच वॅटचे पार्किंग. म्हणून पावसात मी पहिल्या टप्प्यावर थांबत नाही, थेट हेडलाइट. चोर्ला घाटात जुलैमध्ये धुकं उतरतं तेव्हा तर डीआरएलवर विसंबणं धोक्याचंच, कारण त्यांच्याबरोबर मागचे दिवे लागत नाहीत. पुढे लख्ख उजेड आणि पाठीमागे अंधार, अशा गाड्या तिथे नेहमी दिसतात. उलट रायबंदरच्या धक्क्यावर फेरीची वाट बघताना हाच पहिला टप्पा सोयीचा: समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड नको असेल तर पार्किंग लावायचं, झालं.

इग्निशनचा पॉझिटिव्ह वायपरच्या फ्यूजवरून, फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून जादा तार काढून देणारा तुकडा) लावून घेतला. एअरबॅग, एबीएस, इंजिनचे फ्यूज सोडून द्यायचे. टॅपची बाजूही तपासायची, उलटा बसला तर आपला करंट मूळ फ्यूजमधूनही जातो.

खरा वेळ गेला तो अर्थ आणि जोडांवर. आपल्याकडची हवा खारी आणि चार महिने ओली. चिमटा मारून तार टोचणारे कनेक्टर लावले की आत तांब्याला कळंक चढतो आणि दिवा लुकलुकायला लागतो. मालीमला ट्रॉलरचं वायरिंग करणारे एक काका म्हणाले, ‘बाबा, तार कलईची घे आणि टेप विसर.’ त्यांचं ऐकलं. कलई केलेली तार, क्रिम्प केलेले (दाबून बसवलेले) लग, त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी. टेपचा गोंद एप्रिलमध्येच वितळून हाताला लागतो. अर्थला रंग खरवडून पत्रा उघडा केला, दात असलेला वॉशर घातला, आवळल्यावर वरून ग्रीस. दिवे चालू ठेवून डीआरएलच्या निगेटिव्हपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजलं तर २० मिलिव्होल्टच्या आत, म्हणजे अर्थ पक्का. रिले पिना खाली करून बसवला आणि तारांना खाली झोळ दिला, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं. सगळं फ्लेक्सिबल पाइपमध्ये, उंदरांच्या भीतीने.

कॉइलला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावला नाही. पार्किंगचे फिलामेंट समांतर आहेत, कॉइल सुटताना उठणारा झटका तेच पिऊन टाकतात. पार्किंगला एलईडी टाकाल तेव्हा मात्र १एन४००७ लावा, पट्ट्याची बाजू ८६ कडे.

दिवे बंपरमध्ये. युरोपच्या नियमात जमिनीपासून २५० ते १५०० मिलिमीटर उंची आणि दोन दिव्यांत निदान ६०० मिलिमीटर अंतर सांगितलंय, तेच धरलं. इंडिकेटरबरोबर पिवळे होणारे दिवे मुद्दाम घेतले नाहीत. रिलेच्या एका साध्या कामात आणखी चार तारा कशाला.

उरलंय ते डाव्या दिव्याच्या पाठीमागचं रबर, ते नीट बसत नाही. आणि फायरवॉलमधला (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातला) ग्रोमेट, म्हणजे भोकातली रबरी कडी; तिथे तार आत येते त्या फटीत सिलिकॉन भरायचंय.