तिसरा रकाना

पुण्यात नारायण पेठेत अकरा वर्षं मी शाळेनंतर मुलं सांभाळते. पहिली ते चौथीची बावीस. लोकांना वाटतं, खाऊ द्यायचा आणि गृहपाठ घ्यायचा. खरं काम दारात असतं. कोण आलं, कोण कुणाबरोबर गेलं, किती वाजता, सही कुणाची. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका असं 2024 मध्ये सरकारने सांगितलं. काही शाळांनी ऐकलं, काहींनी नाही. त्यामुळे एक तुकडी जेवून आडवी होते न होते तोच दुसरी भुकेली येऊन धडकते. मुलांच्या झोपेचा विचार झाला हे चांगलंच, पण आईबाबा दोघंही नोकरीला जाणाऱ्या घरांचा कुणी केला नाही.

माझ्या अर्जावर 'मुलाला नेणारी व्यक्ती' असे तीन रकाने आहेत, फोटोसकट. 'मी काका आहे' म्हटलं की मूल हातात देणारी पाळणाघरं मी पाहिली आहेत. मला त्यांचा राग येतो.

मागच्या जुलैत खडकवासला धरणातून पाणी सोडलं, नदीपात्रातला भिडे पूल बंद झाला आणि डेक्कनपासून सगळं तुंबलं. पावणेसहाला एक गृहस्थ नखशिखांत भिजून दारात आले. "मॅडम, मी त्याचा बाबा. त्याची आई हिंजवडीत अडकलीय, मी नेतो." तिसरीतला तो मुलगा आतून धावतच आला आणि जाळीला बिलगला. ओळख पटवायची गरजच नव्हती, तीच हनुवटी. पण अर्जावर आई आणि आजी, दोघींचीच नावं. तिसरा रकाना कोरा. आई वेगळी राहते एवढं मला माहीत होतं. तिचा फोन बंद. आजी गावाला, तिचा लागेना.

आमच्या मावशी म्हणाल्या, "अहो ताई, बाप आहे तो." मलाही ते कळत होतं. 1956 च्या हिंदू पालकत्वाच्या कायद्याने बाप नैसर्गिक पालक. कोर्टाचा कागद मला कुणी दाखवलेला नव्हता, म्हणजे त्यांना अडवायचा मला हक्क काय? पण मूल माझ्या ताब्यात दिलं होतं ते त्या अर्जावर सही करणाऱ्या आईने. मी म्हटलं, "बसा. त्यांचा फोन आला की लगेच पाठवते." ते चिडतील असं वाटलं होतं. चिडले नाहीत. बाहेर पायरीवर बसले, चपला काढून. मावशींनी दिलेला टॉवेलही त्यांनी घेतला नाही.

मग जाळीच्या दोन्ही बाजूंनी पाढे सुरू झाले. सातचा. "सात सक?" "बेचाळीस." "सात साती?" पोरगं अडलं की बाबा जाळीतून एक बोट आत घालायचे, मुलगा ते धरायचा आणि आकडा आठवायचा. तासभर असं चाललं होतं. मी बाकीच्या मुलांचे रेनकोट चढवत होते आणि त्या दोघांकडे बघणं टाळत होते.

सात वाजून पाच मिनिटांनी आईचा फोन आला. "ताई, मीच त्यांना पाठवलं. तुम्हाला सांगायच्या आधीच बॅटरी संपली हो." मी दार उघडलं. सही करताना त्यांनी 'नाते' या रकान्यात ठळक अक्षरात 'वडील' लिहिलं. माझ्याकडे बघितलं नाही.

उद्या तसंच झालं तर मी पुन्हा तसंच करीन, हे मला पक्कं माहीत आहे. तरी ती पायरी डोळ्यांसमोरून जात नाही. पुढच्या आठवड्यात मी आईपुढे अर्ज ठेवला, म्हटलं, "त्यांचं नाव घालू या का?" ती बराच वेळ त्या रकान्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "राहू दे सध्या." मी आग्रह केला नाही. तो माझा प्रांत नाही.

मुलगा मात्र आभाळ भरून आलं की दप्तर ठेवता ठेवता विचारतो, "ताई, आज भिडे पूल बंद झाला का?"