दरड कोसळून घडलेला किनारा : काला गोलोरित्से

इटलीच्या सार्डिनिया बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, ओरोसेईच्या आखातात दडलेला काला गोलोरित्से हा किनारा वयाने अगदीच तरुण आहे. 1962 साली वरच्या कड्याची दरड कोसळली आणि त्या ढिगाऱ्यातूनच आज पायांखाली येणारे पांढरे गोटे घडले. सह्याद्रीतल्या काळ्याकभिन्न सुळक्यांना सरावलेल्या माझ्या डोळ्यांना तिथला ‘अगुल्या’ हा सुमारे 140 मीटर उंचीचा, चुनखडीचा पांढुरका सुळका प्रथम खोटाच वाटला.

बाउनेई गावाच्या वर असलेल्या गोल्गो पठारावरून निघणारी साडेतीन किलोमीटरची पायवाट ओकच्या सावलीतून आणि जुनिपर या सूचिपर्णी झाडाच्या पिळवटलेल्या खोडांमधून साडेचारशे मीटरहून अधिक खाली उतरते. जुनिपरचेच ओंडके रचून मेंढपाळांनी बांधलेल्या जुन्या झोपड्या वाटेत लागतात. उतार निसरड्या खडीचा असल्यामुळे चपला घालून येणाऱ्यांची दैना होते.

या स्थळाला 1993 साली नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला. आता उन्हाळ्याच्या हंगामात दिवसाला केवळ 250 जणांना, तेही आगाऊ नोंदणी करून आणि शुल्क भरून, खाली सोडतात. जागा मिळेपर्यंत या नियमाचा मलाही वैताग आला होता; मात्र एवढ्याशा किनाऱ्यावर दुपारपर्यंत जमलेली माणसे पाहिल्यावर 250 हा आकडासुद्धा मला सढळच वाटला. नौकांना काठाला लागण्याची मुभा नाही, त्यामुळे त्या दूरवर रांग धरून उभ्या असतात आणि दृश्याचा थोडा विचका करतातच.

पाण्यात शिरल्यावर घोट्यापाशी एकाएकी गारठा जाणवतो, कारण चुनखडीत मुरलेले पावसाचे पाणी गोट्यांखालच्या झऱ्यांतून इथे समुद्रात मिसळते. पाणी इतके नितळ की बुडालेला प्रत्येक गोटा वेगळा ओळखता यावा. त्यातला एखादा खिशात टाकण्याचा मोह मात्र आवरावा, कारण सार्डिनियात वाळू, गोटे किंवा शिंपले नेणाऱ्याला 500 ते 3000 युरोंपर्यंत दंड होऊ शकतो.

किनारा पूर्वाभिमुख असल्याने दुपारनंतर कड्यांची सावली लवकर उतरते. तेव्हा पोहायचे असेल तर सकाळीच पोचावे आणि परतीच्या चढणीसाठी प्रत्येकाने किमान दोन लिटर पाणी वरूनच सोबत न्यावे.