राजदूतच्या फोर्कमध्ये ग्रीस जाईना तेव्हा

आमच्या राजदूत १७५ मोटारसायकलचा पुढचा फोर्क हल्लीच्या गाड्यांसारखा टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा, नाही. एस्कॉर्ट्स कंपनीने ही गाडी पोलंडच्या एसएचएल एम११ या मोटारसायकलवर बेतली. तिच्यासारखेच राजदूतचेही चाक धरणारे हात पिनांवर वरखाली होतात. पिन आणि बुश (पिनेभोवतीची धातूची नळी) कोरडे पडले की झिजतात आणि हँडल डुलायला लागतं. आमची राजदूत चोपड्याकडच्या मळ्यांतून दुधाचे कॅन वाहून आलेली. काळ्या मातीचा फुफाटा किती खाल्ला असेल, विचारू नका.

दुरुस्ती आणि रंगकाम झाल्यावर फोर्क जोडला, ग्रीस गन लावली, तर सगळं ग्रीस कपलरच्या, म्हणजे गनच्या तोंडाच्या, कडेने बाहेर. अशा वेळी सगळे आधी निपल (ग्रीस आत घेणारी छोटी तोटी, तोंडाशी गोळी असलेली) बदलतात. मी गनपासून सुरुवात केली. सुट्ट्या नव्या निपलवर लावून दांडा मारला, ग्रीस मागून सरळ निघालं. म्हणजे गनमध्ये हवा अडकलेली नव्हती, कपलरचे जबडेही ठीक. मग फोर्कवरच्या निपलची गोळी सुईने दाबून पाहिली. ती रंगाने चिकटली होती. रंगकाम करणाऱ्याने निपल झाकलेच नव्हते! गोळी मोकळी केली, तरी ग्रीस जाईना.

निपल काढले. सुटे असताना दोन्हींतून ग्रीस आरपार जात होतं. शेजारचे मिस्तरी नाना तेवढ्यात येऊन बघून गेले, "भाऊ, निपलना दोस नही, वाट बंद शे." डाव्या बाजूच्या भोकात तार घातली तर मऊसर काहीतरी लागलं. वाळून घट्ट झालेलं जुनं ग्रीस. रात्रभर डिझेल भरून ठेवलं, सकाळी हॉट एअर गनने शेकलं. मग भोकात तेल भरून घट्ट बसणारा रॉड घातला आणि वरून हलके ठोके दिले. तेलाच्या दाबाने काळे गोळे पिनेच्या कडेने बाहेर आले.

उजवीकडे मात्र तार ठणठणीत धातूवर आपटत होती. बुश नवी होती, पण दाबून बसवताना तिचं भोक निपलसमोर आलंच नव्हतं. पिन काढली, निपलच्या भोकातूनच बारीक ड्रिलने बुशला भोक पाडलं, म्हणजे आटे शाबूत राहिले. आतली बर (ड्रिलने उठलेली धातूची धार) साफ केली, ग्रीस पसरायला खाच कोरली.

एक निपल घासलेला होता, तो ट्रॅक्टरच्या पार्टच्या दुकानात मिळाला. रोटाव्हेटरचे निपल याच जातीचे. फक्त आटे तपासून घ्या: साध्या ८ मिमी बोल्टचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.२५ मिमी असतो, त्याच मापाच्या निपलचा बहुधा १ मिमी. दोन-तीन आटे बोटांनी सहज बसले नाहीत तर पाना लावू नका.

आणि दाब देताना निपलसमोर बोट धरायचं नाही. गनचं ग्रीस कातडीत घुसू शकतं. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी तडक दवाखाना गाठायचा.

आता गाडी धुतली की लगेच गन लावतो, कडेने स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत. धुताना शिरलेलं पाणी आणि माती त्याबरोबर बाहेर पडतात.