पाटीची प्रगती: बॅकस्पेस अखेर ब्लॉक ओळखायला लागला

मोठी बातमी आधी. पाटीत, म्हणजे मी बनवत असलेल्या कोड एडिटरमध्ये, पायथॉन लिहिताना बॅकस्पेस आता चाराच्या पाढ्याने मागे जात नाही. ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेत तो दाबला की कर्सर थेट बाहेरच्या ब्लॉकच्या (एकत्र आत सरकवलेल्या ओळींच्या गटाच्या) रेषेत जाऊन उभा राहतो, मग तो ब्लॉक दोन स्पेसवर असो, सहावर असो किंवा टॅबवर. गेले कित्येक आठवडे लाल असलेली टेस्ट काल रात्री हिरवी झाली आणि ती बघून झालेला आनंद अजून उतरलेला नाही.

मागच्या नोंदीत सगळा इंडेंट, म्हणजे ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा ठरवण्याचं काम, ट्री-सिटरकडे सोपवायचा बेत मांडला होता. ट्री-सिटर ही कोड वाचून त्याच्या रचनेचा ट्री बनवणारी लायब्ररी. रस्ट आणि जावास्क्रिप्टसाठी तो बेत कायम आहे. पायथॉनसाठी मात्र तो पूर्ण बदलला. का बदलला ते जरा सविस्तर लिहिते, कारण ट्री-सिटरवर स्वतःचा एडिटर उभा करणाऱ्या प्रत्येकाची गाडी याच ठिकाणी अडते.

एक फंक्शन घ्या. त्यात एक फॉर, फॉरमध्ये एक इफ, आणि इफच्या पोटात एक साधा कॉल. कॉलच्या ओळीनंतर एंटर मारलं, कर्सर बाराव्या रकान्यात आला. आता ट्रीला विचारलं की कर्सर कुठल्या नोडमध्ये (ट्रीच्या कुठल्या घटकात) आहे, तर उत्तर येतं मॉड्यूल! म्हणजे फाइलीचा सगळ्यात वरचा थर. ना इफ, ना फॉर, ना फंक्शन. याचं कारण ट्री-सिटरच्या पायथॉन व्याकरणात ब्लॉक कुठे संपतो, यात आहे. शेवटच्या विधानाचं शेवटचं अक्षर संपलं की ब्लॉकही संपतो. पुढची रिकामी ओळ आणि तिच्यातल्या स्पेस कुणाच्याच नसतात. महिरपी कंसांच्या भाषांत ही अडचण येत नाही, कारण बंद होणारा कंस ब्लॉकच्या आत मोजला जातो आणि त्याच्या आधीची रिकामी ओळ आपोआप ब्लॉकमध्येच राहते. पायथॉनला दारच नाही, त्यामुळे उंबरठ्यावर उभा असलेला कर्सर आत की बाहेर, हे ट्री सांगू शकत नाही.

यावरचा सर्वांना ठाऊक असलेला उपाय म्हणजे कर्सरपासून मागे जाऊन शेवटचं भरीव अक्षर गाठायचं आणि तिथला नोड विचारायचा. एंटरपुरता तो चालतो. पण मी मुद्दाम बॅकस्पेस मारून चौथ्या रकान्यात आले आणि एक ओळ सोडायची म्हणून पुन्हा एंटर मारलं, की कर्सर परत बाराव्यात. दर वेळी! लिहिणाऱ्याने स्पष्टपणे सांगितलेली गोष्ट एडिटर पुसून टाकतो, याइतकं चिडवणारं दुसरं काही नाही.

दुसरी अडचण अपुऱ्या कोडची. ओळ कोलनवर संपली आहे, आतलं अजून काहीच लिहिलेलं नाही, आणि खाली बाहेरच्या ब्लॉकचा कोड आहे. हे व्याकरण इतकं उदार आहे की रिकामा ब्लॉकही चालवून घेतं. चूक दाखवत नाही, पण जो ब्लॉक नोड देतं तो रिकामा असतो, त्यात कर्सरला धरायला काही नसतं. आणि फाइलीच्या मध्यावर एक कंस उघडून ठेवला, तर खालच्या कितीतरी ओळी त्या कंसाच्या पोटात गेल्यासारख्या पार्स होतात. टाइप करताना कोड बहुतेक वेळ अर्धवटच असतो. इंडेंटचं खरं काम त्याच वेळी असतं, कोड पूर्ण झाल्यावर नाही. निओव्हिम एडिटरच्या ट्री-सिटर प्लगइनमध्ये इंडेंटवर ‘प्रायोगिक’ असा शिक्का आहे, तो का हे आता नीट कळलं.

सुटका झाली ती पायथॉनच्या भाषा-संदर्भातल्या टोकनांच्या प्रकरणात. तिथे इंडेंटचा नियम थोडक्यात दिला आहे: फाइल वाचायला घेण्याआधी स्टॅकवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या आकड्यांच्या चळतीवर, ० टाकायचा. ओळीचा इंडेंट वरच्या आकड्यापेक्षा मोठा असेल तर तो स्टॅकवर चढवायचा. लहान असेल तर तो स्टॅकवर आधीपासून असलाच पाहिजे; त्याच्यापेक्षा मोठे सगळे आकडे उतरवायचे. नसेल तर चूक. बस, एवढंच.

म्हणजे कर्सर कुठेही असला तरी तिथे कायदेशीर जागा मोजक्याच आहेत: स्टॅकवरचे आकडे, आणि आधीची ओळ कोलनवर संपली असेल तर एक नवीन पायरी. बॅकस्पेसने स्टॅकवरच्या पुढच्या लहान आकड्यावर जायचं, टॅबने पुढच्या मोठ्या. रुंदीचा प्रश्नच उरत नाही. समजा एका जुन्या स्क्रिप्टमध्ये फंक्शनचं अंग २ वर, त्यातला फॉर उघडून आतला कोड ६ वर आणि त्यातल्या इफचा १० वर आहे. पायथॉनला हे चालतं, प्रत्येक ब्लॉक आपली रुंदी स्वतः ठरवू शकतो. जुना बॅकस्पेस १० वरून ८ वर यायचा, आणि ८ वर ओळ लिहिली की चालवताना इंडेंटेशनएरर. आता १०, ६, २, ०. हे पहिल्यांदा बोटांखाली जाणवलं तेव्हा मी ती फाइल उघडून नुसती वर-खाली करत बसले होते.

हा स्टॅक बनवायला अख्खी फाइल वाचावी लागत नाही. कर्सरपासून वर चालत जायचं, आतापर्यंतच्या सगळ्यात लहान इंडेंटपेक्षाही लहान इंडेंटची ओळ दिसली की नोंदवायची, ० आला की थांबायचं. कॉमेंट आणि रिकाम्या ओळी सोडून द्यायच्या. आणि माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत उपयोगी निर्णय म्हणजे मी स्टॅकवर आकडा ठेवतच नाही, त्या ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा जशीच्या तशी ठेवते. त्या पायरीवर यायचं तर तीच मोकळी जागा इथे चिकटवायची. पायथॉन ३ मध्ये टॅब आणि स्पेसची विसंगत सरमिसळ झाली की टॅबएरर येतो. इथे बाहेरच्या ब्लॉकशी विसंगती होण्याची शक्यताच राहत नाही.

आता राहिला प्रश्न कंसातल्या आणि तिहेरी अवतरणातल्या ओळींचा. त्यांचा इंडेंट पायथॉन मोजत नाही, म्हणून त्या वगळता आल्या पाहिजेत. यासाठी ट्रीकडे परत जायचा मोह झाला होता, पण उघड्या कंसाची अडचण तिथे तशीच राहते. शेवटी एक छोटा लेक्सर, म्हणजे कोडमधली चिन्हं आणि शब्द वेगळे ओळखणारा भाग, लिहिला. प्रत्येक ओळीच्या शेवटी तो फक्त दोन गोष्टी जपतो: कोणते कंस उघडे आहेत आणि कोणतं अवतरण चालू आहे. बदललेल्या ओळीपासून खाली जायचं, जुनी आणि नवी स्थिती जुळली की थांबायचं. कोलन खरोखर ब्लॉकचा आहे की डिक्शनरी, स्लाइस किंवा लॅम्डाचा, हेही त्यातून फुकटात कळतं.

उघडा राहिलेला कंस ओळखायला एक युक्ती बसवली. डेफ, क्लास, रिटर्न, व्हाइल, ट्राय यांनी सुरू होणारी ओळ कंसाच्या आत असूच शकत नाही. तशी दिसली की लेक्सर वरचे उघडे कंस सोडून देतो. इफ आणि फॉर या यादीत घेता येत नाहीत, कारण कॉम्प्रिहेन्शनमध्ये (कंसातच फॉर लिहून यादी बनवण्याच्या पद्धतीत) ते ओळीच्या सुरुवातीला सर्रास येतात. फ्रॉमही नाही, यील्ड फ्रॉममुळे.

रिटर्न, ब्रेक, कंटिन्यू, पास, रेझ यांच्यानंतर एंटर मारलं की एक पायरी आपोआप मागे, हे पायथॉनसोबत येणाऱ्या आयडल एडिटरमधून उचललं. आयडलला नवशिक्यांचं खेळणं म्हणून बाजूला सारणारे खूप आहेत, पण या शब्दांनंतर मागे येणं आणि बॅकस्पेसने चार स्पेसपर्यंत एकदम खाणं, दोन्ही त्यात आहे आणि दोन्ही चोख चालतं. एक बारकावा: रिटर्नच्या पुढे कंस उघडून तीन-चार ओळींची यादी लिहिली असेल, तर कंस बंद झाल्यावरच्या एंटरलाही मागे यायला हवं. म्हणून शेवटची दिसणारी ओळ न बघता तार्किक ओळीचा, म्हणजे अनेक ओळींवर पसरलेल्या पूर्ण विधानाचा, पहिला शब्द बघायचा.

एल्सचा कोलन टाइप केल्यावर ओळ सरकवण्याचं कामही याच स्टॅकवर झालं. प्रत्येक पायरीबरोबर ती कुठल्या शब्दाने उघडली हे ठेवलं आहे, त्यामुळे एल्सला इफ, फॉर, व्हाइल, ट्राय यांतला जवळचा जोडीदार सापडतो. एकेका ओळीपुरतं पाहणाऱ्या रेगेक्सने (मजकुराचा नमुना जुळवणाऱ्या सूत्राने) हे नीट होत नाही, असं माझं ठाम मत झालंय. शिवाय एक नियम पक्का केला: त्या ओळीवर लिहिणाऱ्याने बॅकस्पेस किंवा टॅबने स्वतः जागा ठरवली असेल, तर एडिटरने तिला हात लावायचा नाही. वर सांगितलेला दुसऱ्या एंटरचा त्रास याच नियमाने गेला.

विम एडिटरकडून एक गोष्ट घेतली: आपोआप आलेल्या इंडेंटवर काहीच न लिहिता पुढे गेलं, की त्या स्पेस पुसून टाकायच्या. गिट डिफ (फाइलीतल्या बदलांची यादी) एकदम स्वच्छ दिसतो.

आता कंसातल्या ओळींबद्दल. पायथॉनची शैली-नियमावली पेप ८ दोन्ही पद्धती मान्य करते, उघड्या कंसाखाली रेषेत किंवा सरळ एक पायरी आत. मी पहिली बसवली होती, आणि ती देवनागरीने मोडली. पायथॉन ३ मध्ये फंक्शनचं नाव ‘शोधा’ ठेवता येतं. ट्री-सिटर रकाना बाइटमध्ये देतो आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, त्यामुळे ‘शोधा’ बारा रकाने खातो. चिन्हं मोजली तर चार, डोळ्यांना दिसणारी अक्षरं दोन, आणि पडद्यावरची रुंदी फॉन्ट ठरवणार. कुठलाही आकडा धरला तरी खालची ओळ कंसाखाली येईल याची खात्री नाही. म्हणून रेषेत लावणं काढूनच टाकलं. पाटीत कंसानंतर एक पायरी आत, बंद कंस परत उघडणाऱ्या ओळीच्या रेषेत.

देवनागरी निघालीच आहे तर मजकुरातला बॅकस्पेसही. मराठी कॉमेंट लिहिताना ‘श्रि’ टाइप झालं आणि वेलांटी बदलायची आहे. बॅकस्पेसने फक्त वेलांटी जायला हवी. पण पाटी ग्राफीम क्लस्टर, म्हणजे युनिकोड एक अक्षर मानतं तो चिन्हांचा अख्खा गट, पुसायची. युनिकोडच्या जुन्या नियमात निदान ‘श्’ तरी उरायचा. २०२३ च्या युनिकोड १५.१ ने जोडाक्षर एकाच क्लस्टरमध्ये आणलं, आणि लायब्ररी अद्ययावत करताच सगळं अक्षर एका दाबात गायब होऊ लागलं. नियम चुकीचा नाही. कर्सर जोडाक्षराच्या मधे अडकत नाही हे उत्तमच आहे. पण मागे पुसणं ही वेगळी क्रिया आहे. आता बाणाच्या कळा आणि डिलीट क्लस्टरने चालतात, बॅकस्पेस एकेका चिन्हाने, आणि इमोजी मात्र अख्खा जातो. ‘र्‍य’ मधला न दिसणारा जोडक आपल्या हलंताबरोबरच पुसला जातो, नाहीतर कळ दाबूनही जवळजवळ काही घडलं नाही असं वाटतं.

पुढे मार्कडाउनच्या याद्या घ्यायच्या होत्या, पण हे लिहितानाच लक्षात आलं की यामललाही (इंडेंटवर चालणाऱ्या, सेटिंग लिहायच्या फाइलींच्या स्वरूपालाही) हाच स्टॅक लागतो आणि लेक्सर त्याहून सोपा होईल. टॅबची भानगडही नाही, यामल इंडेंटमध्ये टॅब चालवूनच घेत नाही. तेव्हा आधी यामल. तिथली अडचण आत्ताच दिसते आहे: यादीचा डॅश आपल्या वरच्या कीच्याच रकान्यात लिहिलेला चालतो, म्हणजे एकाच इंडेंटवर दोन पायऱ्या. मोकळ्या जागेबरोबर ‘की’ की ‘डॅश’ असा प्रकारही स्टॅकवर ठेवावा लागेल, आणि त्या जागी बॅकस्पेसने कर्सर न हलवता आधी नुसता डॅश काढावा, असं सध्या तरी वाटतंय.