डी-टूला पोचलो, पण बघितलं किती?

मी इंग्लंडमधल्या एका छोट्या हॉस्पिटलात गॅस्ट्रोचं, म्हणजे पोटाच्या आजारांचं, ट्रेनिंग करत होतो तेव्हाची गोष्ट. इथे वरच्या एंडोस्कोपीचं, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी (स्कोप) घालून जठर तपासण्याचं, सर्टिफिकेट जॅग ही संस्था देते, केलेली प्रत्येक स्कोपी जेट्स या ऑनलाइन सिस्टिमच्या ई-पोर्टफोलिओत भरायची, आधी किमान 200 लागायच्या, 2023 च्या नव्या नियमांत त्या 250 झाल्या. शिवाय 95 टक्के केसेसमध्ये कुणाचा हात न लागता स्कोप डी-टूमध्ये, म्हणजे ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या) दुसऱ्या भागात गेला पाहिजे, आणि तितक्याच केसेसमध्ये जे-मनुव्हर जमला पाहिजे, म्हणजे जठरात स्कोप उलटा वळवून वरचा कोपरा बघणं. माझे आकडे जवळजवळ पूर्ण झाले होते. हात चांगला बसलाय असं सगळेच म्हणायचे, आणि मलाही तसंच वाटायचं.

त्या दिवशी लिस्टवर एक आजी होत्या, भूक गेलेली, वजन उतरलेलं. झोपेचं इंजेक्शन नको म्हणाल्या, नुसता घशात स्प्रे मारून डाव्या कुशीवर झोपल्या आणि नर्सचा हात घट्ट धरून ठेवला. माझे त्या दिवशी डॉप्स होते, म्हणजे ट्रेनर शेजारी उभं राहून एकेक पायरी मार्क करतात. आजींना त्रास नको म्हणून मी भराभर गेलो, डी-टू, मागे, जे-मनुव्हर, फोटो, सगळं झालं, चार मिनिटं पण झाली नसतील, आणि मी स्कोप काढायला लागलो.

ट्रेनर मॅडम हळूच म्हणाल्या, "थांब. अँग्युलरिसवर फेस होता. धुतलास का?"

नव्हता धुतला. अँग्युलरिस म्हणजे जठर जिथे वळतं तो कोपरा, तिथल्या फोटोत पण फेसच आला होता.

परत आत गेलो, फेस मोडणाऱ्या सिमेथिकोनचं पाणी मारलं, सक्शन केलं, हवा भरून घड्या पसरवल्या. फेसाखाली जेमतेम एक सेंटिमीटरचा लालसर, किंचित खोलगट डाग. अल्सर नाही, गाठ नाही, पटकन बघितलं तर गॅस्ट्रायटिस (जठराची सूज) म्हणून सोडून देण्यासारखा. एनबीआय, म्हणजे स्कोपचा खास रंगाचा प्रकाश, लावला तर त्याची कड स्पष्ट वेगळी दिसली. बायोप्सी घेताना माझा हात थरथरत होता. आजी मात्र अजिबात हलल्या नाहीत.

रिपोर्ट अर्ली कॅन्सरचा आला. वरच्या थरातच होता, त्यामुळे पोट न उघडता ईएसडी करून, म्हणजे आतल्या अस्तराचा थर सोलून, तेवढा तुकडा स्कोपमधूनच काढता आला.

अन्ननलिका-जठर अशा वरच्या भागाचे जे कॅन्सर सापडतात त्यातल्या साधारण दहातल्या एकाची आधीच्या तीन वर्षांत स्कोपी झालेली असते आणि तेव्हा तो दिसलेला नसतो. हे मी वाचलं होतं, जर्नल क्लबमध्ये बोललोही होतो. किमान 7 मिनिटं बघा असं का सांगतात तेही माहीत होतं. आकडे पाठ असणं आणि फेस धुणं यात केवढं अंतर आहे ते त्या दिवशी कळलं.

मॅडमनी डॉप्समध्ये बाकी सगळीकडे 'स्वतंत्रपणे करू शकतो' लिहिलं, फक्त म्युकोसा (आतलं अस्तर) बघण्याच्या रकान्यात बरीच देखरेख लागते असं मार्क केलं. वाईट वाटलं, पण वाद घालण्यासारखं काही नव्हतंच. सर्टिफिकेट चार महिने उशिरा मिळालं.

आता माझ्या लिस्टला तीच नर्स असते. स्कोप अँग्युलरिसजवळ आला की मी काही बोलायच्या आत तिच्या हातात पाण्याची सिरिंज तयार असते.