सॉलिडवर्क्सवरून टेकलावर : शिरोलीतल्या एका वर्कशॉपमधला माझा अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत नोकरीला लागले तेव्हापासून माझं काम म्हणजे सॉलिडवर्क्स, मशिनचे पार्ट थ्रीडीत काढायचं सॉफ्टवेअर. फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशिनिंग, ते करताना पार्ट धरून ठेवणारी फिक्श्चर्स, भोकं नेमक्या जागी पाडायला ड्रिल जिग. मग मालकांनी एका साखर कारखान्याच्या बगॅस कन्व्हेयरची गॅलरी घेतली, म्हणजे उसाचा चोथा वाहून नेणाऱ्या पट्ट्याचा उंचावरचा लोखंडी सांगाडा. ट्रस, त्याखालचे आधार म्हणजे ट्रेसल, वॉकवे, जिने, सगळं. "थ्रीडी येतंय की तुला, मग झालं तर," म्हणून काम माझ्या टेबलावर.

सुरुवात सॉलिडवर्क्समध्येच केली. त्यातल्या वेल्डमेंट या सोयीत थ्रीडी स्केच काढायचं, रेषांवर सेक्शन चढवायचे, टोकं ट्रिम करायची, कट लिस्ट तयार. आमच्या लायब्ररीत आयएसएमबी, म्हणजे भारतीय मापाचे आय आकाराचे बीम नव्हते, ते आयएस ८०८ हे त्यांच्या मापांचं मानक समोर ठेवून काढून घेतले. पंपाच्या बेसफ्रेमला, छोट्या प्लॅटफॉर्मला मी आजही हेच वापरते. गॅलरी वाढत गेली तशी मात्र फाइल उघडायलाच चहा पिऊन यावं लागे. पहिल्या ट्रसची ड्रॉइंगं शॉपमध्ये गेली आणि फोरमन मामा कागद घेऊन वर आले. "मॅडम, बीम दिसतोय झकास. पण भोकं कुठल्या टोकापासनं मोजायची? आणि ह्यो बीम कुठं बसणार, त्याच्यावर मार्क कुठाय?"

मामांचा प्रश्न बरोबर होता. मशिनिंगमध्ये एकच पार्ट हजारदा बनतो, म्हणून त्या एका पार्टवर जीव ओतायचा. गॅलरीत शेकडो तुकडे, एकेक दोन-चार वेळाच लागणारा, आणि प्रत्येकाला नंबर हवा. तो नंबर कटिंगपासून साइटवरच्या क्रेनपर्यंत टिकला पाहिजे.

म्हणून टेकलाकडे वळले. हे स्टीलच्या सांगाड्यांच्या डिटेलिंगचं सॉफ्टवेअर, मूळचं फिनलंडचं, २०११ पासून ट्रिम्बल या अमेरिकन कंपनीकडे. त्यात आधी ग्रिड, म्हणजे आखणीच्या रेषांची जाळी टाकायची, मग कॉलम, बीम. सॉलिडवर्क्सवाल्याला पहिले काही दिवस हात बांधल्यासारखे वाटतात, कारण स्केच नाही, पार्ट एकमेकांना जोडणारे मेट नाहीत. जोड लावायला घेतले तेव्हा मात्र मजा आली. एंड प्लेटचं कंपोनंट, म्हणजे तयार जोड, नंबर १४४. आधी कॉलमवर क्लिक, मग बीमवर, की प्लेट, बोल्ट, वेल्ड सगळं जागेवर हजर. आयएसएमबी ३०० चा ३५० केला तर प्लेट नव्या बीमशी जुळवून घेते. बोल्टच्या ओळी पुरेशा आहेत का हे मात्र तुम्हीच बघायचं. ताकदीचा हिशेब कन्सल्टंटच्या स्टाड या ताकद तपासायच्या सॉफ्टवेअरमधून यायचा, टेकला तो आपल्यासाठी करून देत नाही. एम२० बोल्टला २२ मिमीचं भोक, हे एच७ फिटवर, म्हणजे मिलिमीटरच्या शतांशाच्या हिशेबावर वाढलेल्या माझ्या मनाला पटायला वेळ लागला. उभारणीवाल्यांना विचारा, ते दोन मिलिमीटर किती लागतात ते.

खरी किंमत वसूल होते ती नंबरिंगला. सारखे तुकडे ते स्वतः ओळखून एकच मार्क देतं, पार्टचं आणि असेंब्लीचं ड्रॉइंग वेगळं काढतं, शॉप बोल्ट आणि साइट बोल्ट वेगळे मोजतं. मॉडेल बदललं की कुठलं ड्रॉइंग जुनं झालं ते यादीत दिसतं. बाहेरून सीएनसी ड्रिलिंग करून घेताना डीएसटीव्ही फाइल, म्हणजे मशिनला थेट वाचता येणारी कटिंग-ड्रिलिंगची माहिती दिली की मार्किंगचं कामच संपलं.

पण टेकलात हेड पुली, म्हणजे कन्व्हेयरच्या टोकाचा पट्टा ओढणारा ड्रम काढायला बसू नका. शाफ्टची फिट, बेअरिंगची सीट, चौकोनातून गोलात जाणारी चूट, हे सगळं सॉलिडवर्क्सचं. मी ड्राइव्ह तिकडे पूर्ण करते, आयएफसी (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना वाचता येणारी मॉडेल फाइल) काढून टेकलात रेफरन्स म्हणून आणते आणि त्याखाली सपोर्ट उभा करते. दोन्हीकडचा शून्य बिंदू आधीच ठरवून घ्या. आणि गिअरबॉक्सखालच्या प्लेटला गोल भोकं न देता स्लॉट, म्हणजे लांबट भोकं द्या. अलाइनमेंटच्या वेळी फिटर शिव्या घालणार नाही.

कॉलेजची मुलं विचारतात, दोन्हीतलं काय शिकू? कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मशिनशॉपमध्ये किंवा फौंड्रीकडे जायचं असेल तर सॉलिडवर्क्स पक्कं करा. फॅब्रिकेशन, शेड, डिटेलिंगकडे ओढा असेल तर टेकला. विद्यार्थ्यांना टेकला कॅम्पस, म्हणजे शिकण्यासाठीची टेकलाची आवृत्ती, फुकट मिळते. त्यावर एक छोटी शेड घ्या आणि बोल्ट लिस्टपर्यंत पुरी करा. इंटरव्ह्यूला आम्ही रंगीत मॉडेल बघत नाही, असेंब्लीचं ड्रॉइंग मागतो.